बोअर त्याच्यात, गोठा माझ्यात

...न्हाय, तुमी म्हणाल मशीन बिघडलं असंल. बिघडलं न्हाय हो, त्योच तर ताप हाय. ट्रॅक्टर सरळच गेला.

तुम्हाला सांगतो, येरमाळ्याच्या अलीकडं आमचं रान, शेजारी धाकटा भाऊ शंभुलिंग, मधी बांध. दरसाली नांगरताना बांध जरा जरा कोरायचा... म्हंजे कोरायचा त्यो, म्या फकस्त माझं माघारी घ्यायचो. तर बांध पार नागमोडी झालता. त्यात आमच्या भाच्यानं, महांतेशनं, नवा ट्रॅक्टर आणला. टपावर अँटेना, म्होरं स्क्रीन, भाचा नुसता बसून तंबाखू मळतोय आन स्टेरिंग आपआपलं फिरतंय. म्हणाला, "मामा, असल्या वाकड्या बांधाला हे चालत न्हाय. बांध मोडा, सरळ घालू. तुमी रस्त्याकडं मधोमध उभं ऱ्हावा, धाकटे मामा इहिरीकडं. दोनी जागा मशीनमधी घेतो, मधली रेघ त्येच मारतंय."

राहिलो उभा. मधोमधच... जरासा शंभूच्या अंगाला. उभं राहताना माणूस एवढं बघतंय व्हय? तिकडं शंभू. मधी चढ, त्यो कुठं उभा हाय, मला काय दिसतंय?

ट्रॅक्टर सरळच गेला. रेघंवर लगोलग बांध घातला, दोनी अंगाला सोयाबीन पेरलं. दोघंबी खूश. म्या मनात म्हणतोय, गावला भाऊ! तवर आमची इरम्मा चढावर जाऊन आली, "अवो, आपला इहिरीकडचा बोअर भाऊजींच्या रानात कसा गेला?"

बोअरवर तर सगळं रान जगतंय. पळत सुटलो, तर शंभू रस्त्याकडं डोक्याला हात लावून बसलेला. त्याचा म्हशीचा गोठा माझ्या बांधाच्या आत.

महांतेशला बोलावलं. स्क्रीन बघून म्हणतोय, "रेघ बरोबर हाय. दुसरी मारतो की... फकस्त दोघांनी खरं सांगा, कुठं उभं होता?"

शंभू म्हणाला, "मधोमध."

म्या म्हणालो, "मधोमध." आता धाकट्या भावासमोर थोरल्यानं दुसरं काय म्हणायचं, तुमीच सांगा?

"मग हीच ऱ्हाईल," म्हणाला महांतेश, "मशीन इसरत न्हाय, फुडल्या सालीबी इथंच पेरंल." आन गेला.

तवापासून रोज सकाळी मोटार चालू करायला म्या शंभूला इचारतो, आन म्हशीची धार काढायला शंभू मला.