नापास केलेली वही

मॅडमच्या आई, त्यांचे भाऊ प्रशांत, प्राचार्य सर, सहकारी आणि विद्यार्थ्यांनो,

सभागृहात आज उभं राहायला जागा नाही. यातले निम्मे लोक मॅडम असताना आले असते तर... हे मी घरून ठरवून आणलं नव्हतं. पण बोललो आहे, तर राहू द्या. मला रडून बोलता येणार नाही. मला राग आलेला आहे.

वैशाली इंगळे बडनेऱ्याच्या. पुण्यात बारा वर्षं एका कंपनीत मोबाइलची ॲप्स बनवायचं काम केलं. आईच्या दुखण्यामुळे घरी परतल्या, घरूनच नोकरी करू लागल्या आणि दर रविवारी आमच्या संगणक विभागात मुलांना शिकवू लागल्या. कंपनीत ॲप कसं तयार होतं, ते. पहिले दोन महिने कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. ज्याच्यासाठी बनवायचं, त्याच्याजवळ जाऊन बसायचं. तो काय करतो ते वहीत लिहायचं. मग कागदावर पेन्सिलीनं स्क्रीन काढून त्याच्या हातात द्यायची आणि गप्प राहायचं. "तुमाले समजावून सांगा लागलं, म्हणजे थे चुकलं," असं म्हणायच्या.

पूजा, निखिल आणि शाहिद, तिघं मागं बसले आहेत. त्यांनी अचलपूरच्या एसटी स्टँडसाठी ॲप करायचं ठरवलं. कोणती गाडी किती वाजता, एवढंच. कागदी स्क्रीन घेऊन आठ दिवस स्टँडवर बसले. एका मावशीनं कागद उलटसुलट करून पाहिला. म्हणाली, "बाप्पा, टाइम त मले पाठ हाय. गाडीत बसाले जागा भेटन का, थे सांगते काय हे?"

मुलांनी वहीत लिहिलं: या ॲपची कोणाला गरज नाही. बनवू नये.

मॅडम त्या दिवशी फार खूश होत्या. मला म्हणाल्या, "सर, हे समजाले आमच्या कंपनीले दोन वर्षं लागले होते."

मग तोंडी परीक्षा झाली. परीक्षक मी होतो. ॲप कुठे आहे? नाही. मग प्रोजेक्ट कसला? मी तिघांना नापास केलं.

त्याच दिवशी दुसऱ्या एका गटाला मी पैकीच्या पैकी दिले. त्यांचा प्रोजेक्ट बाजारातून तयार आणलेला होता. तिसऱ्या पानावर दुसऱ्याच कॉलेजचं नाव तसंच राहिलं होतं. काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं.

मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. "सर, तिसरं पान वाचलं काय तुमी?"

"वाचलं."

"मंग मार्क काहून देले?"

"सगळेच देतात, मॅडम."

"थे मले मालूम हाय. तुमी काहून देले?"

मी डायरी लिहितो, हे इथं अनेकांना माहीत आहे. त्या दिवशीच्या पानावर एकच ओळ आहे: तोंडी परीक्षा वेळेत आटोपली. स्वतःच्या डायरीतही मी खोटं बोललो.

मॅडमनी लेखी तक्रार केली. तर पुढच्या रविवारी प्रयोगशाळेच्या दारावर कागद लागला: बाहेरील व्यक्तींना प्रवेश नाही. त्यानंतर त्या बडनेऱ्याला घराच्या गच्चीवर शिकवत राहिल्या. गेल्या शुक्रवारी मेंदूतल्या रक्तस्रावानं गेल्या. आमच्यामुळे गेल्या, असं मी म्हणत नाही. ते खोटं होईल. पण ज्यांना आपण दारातून परत पाठवलं, त्यांच्या फोटोखाली आज आपण 'आमच्या विभागाच्या मार्गदर्शिका' असा फ्लेक्स लावला आहे. लाज कशी वाटली नाही आपल्याला? हार घालताना मला तरी कुठे वाटली?

हा राग दुसऱ्यांवर काढून मी सुटू पाहतो आहे का, हे मी रात्रभर स्वतःला विचारलं. थोडं तसं आहेही. म्हणून नुसतं बोलून खाली बसणार नाही.

सोमवारी या तिघांची फेरपरीक्षा आहे. आमच्याच विभागातून त्यांना सांगितलं गेलंय, "तयार प्रोजेक्ट आणा, पास करून देऊ." निखिलनं काल मला विचारलं, "सर, आणू काय?" मॅडमची चिता थंड व्हायच्या आत त्याच्यावर हे विचारायची पाळी आली.

निखिल, आणू नको.

प्राचार्य सर, हा माझा अर्ज. या तिघांना मी चुकीचं नापास केलं. त्यांची वही दुसऱ्या परीक्षकानं तपासावी. विकतचा प्रोजेक्ट ओळखूनही मी पूर्ण गुण दिले, हेही यात लिहिलं आहे. खाली माझी सही आहे. होईल ती कारवाई मला मान्य आहे. उद्या कार्यालयात आणून दिला असता तर आवक-जावकमध्ये पडून राहिला असता. म्हणून इथंच, त्यांच्या आईसमोर देतोय.

घ्या, सर.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कोणीही काही बोलू नये.