चॉकलेटमधलं चीज

ब्लांका : म्हणजे पेला हातातून घेतलास तिच्या?

ऑर्नेला : पेला नाही हो. तिनं गरम चॉकलेटमध्ये चीजचे तुकडे टाकले आणि बोटानं बुडवत बसली. मी ते चमच्यानं काढून बशीत ठेवले. म्हटलं, येमी, अन्नाशी खेळायचं नसतं. झालं. परवापासून माझ्याशी एक अक्षरही बोललेली नाही. माझ्या नवऱ्याशी, तुल्योशी बोलते, भावाशी बोलते, तुमच्या हॉटेलच्या लिफ्टशीसुद्धा बोलते.

ब्लांका : बावीस वर्षं इथे नाश्ता बनवतेय मी. मुलं दत्तक न्यायला आलेली कितीतरी जोडपी पाहिली, तुमच्या इटलीचीच निम्मी. पण असं कोणी केलं नव्हतं. अगं पोरी, बोगोतात चॉकलेट असंच पितात. चीज तळाशी मऊ होतं, मग चमच्यानं खायचं. लेकरांचा जीव त्यातच असतो.

ऑर्नेला : आणि मी नेमकं तेच काढलं.

ब्लांका : तेच काढलंस.

ऑर्नेला : उद्या बालकल्याणच्या बाई यायच्यात, ब्लांकाबाई. तिला एकटीला विचारणार, यांच्याबरोबर जायचंय का. आठ वर्षांची आहे, ती नाही म्हणाली तर नाहीच. आणि तिचा भाऊ देइनर तिला सोडून कुठे जाणार? तीन वर्षांचा जीव.

ब्लांका : हळू बोल. आलीच बघ.

(येमी धाकट्या भावाला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात.)

ब्लांका : ये गं राणी. आज ही वाढणार तुला. मी तव्यावर मक्याचा आरेपा उलटतेय, हात मोकळा नाही.

येमी : मावशी, देइनरला कोमट द्या. जीभ भाजते त्याची.

ऑर्नेला : येमी, चीज किती घालायचं? मला येत नाही.

(येमी ब्लांकाकडे बघते.)

ब्लांका : माझ्याकडे बघू नकोस. माझा आरेपा करपेल.

येमी : चार तुकडे. सुरीनं नाही, हातानं तोडायचे.

ऑर्नेला : असे?

येमी : मोठे झाले. असू दे. आता ढवळायचं नाही, थांबायचं.

ऑर्नेला : किती वेळ?

येमी : देइनर दहापर्यंत मोजेल तेवढा. त्याला तीनपर्यंतच येतं, म्हणून पुन्हा पुन्हा मोजतो.

ऑर्नेला : परवा माझं चुकलं गं. आमच्याकडे असं खात नाहीत. मला वाटलं, खेळतेयस.

येमी : मला वाटलं, ते चीज तुम्ही स्वतःसाठी काढून ठेवलं.

ऑर्नेला : नाही बाळा. तुझंच होतं.

येमी : तुम्ही काल शेवयांवर चीज किसून घातलंत. मी काही बोलले का?

ब्लांका : घे. आता दे उत्तर.

ऑर्नेला : बोलायचं होतंस.

येमी : बोललं की परत पाठवतात.

ऑर्नेला : कोणी पाठवलं?

येमी : आधीच्या घरातल्यांनी. मी म्हटलं, देइनरला अंधारात झोपवू नका, तो घाबरतो. रोज म्हणायचे मी. मग आम्हाला परत आणून सोडलं.

ऑर्नेला : मला रोज म्हण. दिवसातून दहादा म्हण. तुल्योला वीसदा, त्याला एकदा सांगून काही कळत नाही.

येमी : माहितेय. काल त्यांनी देइनरची चड्डी उलटी घातली.

ब्लांका : आणि दिवसभर तसाच फिरवला त्याला. मी पाहिलं.

येमी : उद्या त्या बाई आल्या की तुम्ही खोलीत असणार?

ऑर्नेला : नाही. मला बसू देत नाहीत. तू मनात असेल ते सांग. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही. रडेन थोडी, पण रागावणार नाही.

येमी : मग तेवढा वेळ देइनरला कोण घेणार?

ऑर्नेला : तू सांगशील तो.

येमी : तुम्ही घ्या. पण खाली बागेत नेऊ नका. दारापाशीच बसा दोघं. मी बाहेर आले की लगेच दिसायला हवेत.