वत्सूचं ठाकुर्लीचं स्थळ

हसायचं तर हसा, पण आमच्या वत्सूचा नवरा पौर्णिमेला लांडगा व्हायचा. मी स्वतः पाहिलंय.

वत्सू माझी टेंभी नाक्यावरची मैत्रीण. तिला ठाकुर्लीच्या रघुनाथचं स्थळ आलेलं. दोघं एकमेकांना आवडली. चार दिवसांनी तो एकटाच वत्सूच्या घरी परत आला, तेव्हा मी तिथेच होते.

"आमच्या आजोबांनी पिल्लांना पाजणारी लांडगीण मारली," तो म्हणाला. "तेव्हापासून घराण्याला शाप आहे. पौर्णिमेला चंद्र उगवला की माझा लांडगा होतो. तुम्ही नाही म्हणालात तरी मला राग येणार नाही."

वत्सूने विचारलं, "तेव्हा माणसं ओळखता का?"

"माहीत नाही. आई मला कोंडून ठेवते. जवळ कोणी आलंच नाही कधी."

"मग मी येते."

माझ्या मावशीकडे मुक्कामाला जातो असं घरी सांगून आम्ही पौर्णिमेला ठाकुर्लीला गेलो. दिवेलागणीला खोलीतून गुरगुर ऐकू आली. त्याची आई नको नको म्हणत असताना वत्सूने कडी काढली. भलाथोरला करडा लांडगा दारात आला. मी त्याच्या आईच्या मागे दडले. वत्सू मात्र जमिनीवर बसली आणि हळूच म्हणाली, "अहो, मी आहे. इकडे या."

तो आला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिला.

सकाळी माणूस होऊन उठल्यावर त्याने घाबरत विचारलं, "मी काही केलं का?"

"माझा गजरा खाल्लात," वत्सू म्हणाली. "नवा घ्या आणि बाबांकडे मुहूर्त विचारायला या."