पांढरी चार

(पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका सोसायटीचं क्लबहाऊस. तालीम थांबली आहे, बाकीची मंडळी चहाला खाली गेली आहेत. मागे राहिलेत दशरथ, त्यांची बायको कांताबाई आणि मुलगी अक्षता.)

दशरथ : पेटी चढी आहे. मी लेखी द्यायला तयार आहे.

कांताबाई : अहो, पेटी बरोबर आहे.

दशरथ : बरोबर असती तर माझा आवाज फाटला असता का? सगळ्या मंडळींसमोर? दिवाळीपासून हेच पद म्हणतोय मी, अक्षूच्या कीबोर्डवर. एकदा तरी फाटला? आज ही पायपेटी आली आणि दुसऱ्याच ओळीला कोंबडा आरवला.

अक्षता : बाबा, आधी पाणी प्या ना.

दशरथ : मी पाणी प्यायल्यानं पेटी उतरणार आहे का?

अक्षता : तसं नाही. कदाचित ए.सी.मुळे तुमचा घसा... आपण ब्रेक घेऊ या. अ‍ॅक्च्युअली, नाटकालाही कीबोर्डच ठेवू. मी श्रीनिवासकाकांशी बोलते.

दशरथ : कीबोर्ड? 'संगीत गृहदीपिका'ला? जुनं घरंदाज संगीत नाटक आहे ते, वाढदिवसाचा ऑर्केस्ट्रा नाही. पायपेटीवरच व्हायला पाहिजे, पण सुरात असलेल्या.

कांताबाई : श्रीनिवासराव गेलेत पेटीवाल्या संपतला फोन करायला. तो येऊन बघेल.

दशरथ : श्रीनिवास दिग्दर्शक चांगला आहे. पण त्याला पायपेटी आणि शवपेटी यातला फरक कळत नाही. तो काय सांगणार फोनवर? आणि तू मध्येच कशाला गायलीस? तुझं काम तनुजाला द्यायचं ठरलंय ना? तूच हट्ट धरलास.

कांताबाई : द्यायचंच आहे. तुम्ही थांबलात, अक्षूनं सूर तसाच धरून ठेवला होता. आपोआप गेलं तोंडातून.

दशरथ : बरं.

कांताबाई : आणि खरं सांगू? आज खालचा सा लागला मला.

दशरथ : कुठला?

कांताबाई : तोच. 'तुमच्याच सुरी मी गाइन नाथा' म्हणताना 'नाथा'वर जो जातो तो. इतके दिवस तिथं नुसता वाराच यायचा तोंडातून. आज चक्क लागला. मीच दचकले.

दशरथ : झालं! मला वरचा लागत नाही आणि तुला खालचा लागतो. याचा अर्थ काय? पेटी चढी. आणखी काय पुरावा पाहिजे?

कांताबाई : मला आपलं वाटलं, ज्येष्ठमधाचा गुण आला.

दशरथ : ज्येष्ठमधानं गळा सुटतो गं, गेलेला गळा परत येत नाही. वय झालं की मान्य करावं. अक्षू, कीबोर्ड लाव.

अक्षता : पॅक केलाय बाबा.

दशरथ : मग उघड. टेलिफोन खात्यात जन्म गेला माझा फॉल्ट शोधण्यात. आधी यंत्र बघायचं, मग तार बघायची, शेवटी गिऱ्हाईक. आता झाले असतील सगळ्यांच्या खिशात मोबाइल, पण फॉल्ट शोधायची रीत तीच राहते.

अक्षता : बाबा, मला यू.एस.चा मेल बघायचाय, खरंच...

दशरथ : रविवारी सकाळी अमेरिका झोपलेली असते. लाव.

कांताबाई : लाव गं, काय होतंय? आपल्यालाही कळेल.

अक्षता : लावते.

दशरथ : हं. पायपेटीवर डावीकडून चौथी पांढरी दाब. पायानं भाता हाणत राहा. ऐकलं? आता कीबोर्डवर तीच. चौथी पांढरी.

कांताबाई : अगंबाई! हा तर कितीतरी खाली आहे.

दशरथ : तीन घरं! तीन घरं चढी आहे ही पेटी. म्हटलं नव्हतं? संपत नाही, संपतचा बाप आला तरी आता...

कांताबाई : किंवा कीबोर्ड उतरलाय.

दशरथ : कीबोर्ड कसा उतरेल? जपानी यंत्र आहे ते. त्याला का भाता आहे, का पितळी जिभा?

कांताबाई : आणि ही संपतनं परवाच सुरात मिळवून दिली ना? तो काय झोपेत मिळवेल?

दशरथ : म्हणजे दोन यंत्रं, दोघंही शहाणी, आणि दोघांचं पटत नाही. आपल्या घरासारखंच. तिसरा साक्षीदार पाहिजे.

अक्षता : बाबा, राहू दे ना. प्लीज.

दशरथ : तो भिंतीवरचा लँडलाइन चालू आहे का? कांता, रिसीव्हर उचल आणि बाहेर धर. डायल टोन येतोय? आयुष्यभर ऐकलाय हा आवाज मी. जवळपास पांढरी पाच असतो, जरासा वरच. अक्षू, पेटीवर पाचवी दाब.

कांताबाई : जमतंय की.

दशरथ : जमतंय. आता कीबोर्डवर पाचवी.

कांताबाई : नाही जमत. कुठल्या कुठे!

दशरथ : असं कसं? म्हणजे पेटी बरोबर? आणि हा... अक्षू, या छोट्या पडद्यावर काय लिहिलंय? माझा चष्मा कुठाय? वजा तीन? हे वजा तीन काय आहे?

अक्षता : ते... ते मी केलंय.

दशरथ : काय केलंस?

अक्षता : ट्रान्सपोज म्हणतात त्याला. बोट पांढरी चारवरच ठेवायचं, पण काळ्या धरून तीन घरं खालची, म्हणजे पांढरी दोन वाजते.

दशरथ : मी तर रोज तुझी बोटं बघून गायचो.

अक्षता : म्हणूनच.

दशरथ : मला काही कळत नाहीये. कांता, तुला कळतंय?

कांताबाई : थांबा. तिला बोलू द्या.

अक्षता : बाबा, थायरॉइडच्या ऑपरेशननंतर तुम्ही कुणाशी बोलतसुद्धा नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, आवाज पूर्वीसारखा येईलच असं नाही. मग एक दिवस तुम्ही आपणहून म्हणालात, माझी नेहमीची पट्टी, पांढरी चार धर. मी धरली. तुमचा आवाज दोन ओळींतच बसला. तुम्ही उठून गॅलरीत जाऊन बसलात आणि जेवला नाहीत. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप तीन घरं खाली केलं, आणि तुम्ही अख्खं पद म्हणालात. वरच्या मजल्यावरचे दत्तोबा खाली आले, 'रेडू लावला हाय का वो?' म्हणत. आठवतंय? तुम्ही हसलात, बाबा. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. मग मी कुठल्या तोंडानं सांगणार होते?

दशरथ : दिवाळीपासून?

अक्षता : टेम्पररी होतं ते. एकेक घर हळूहळू चढवणार होते. एकदा वजा दोन करून पाहिलं, तर तुम्ही दोन दिवस गप्प. परत तीन केलं. ऑफिसमध्ये नाही का आम्ही करत, आत्ता चालतंय ना, चालू दे, नंतर नीट करू.

दशरथ : आणि नंतर नीट करता?

अक्षता : नाही करत.

दशरथ : म्हणजे माझा गळा आलाच नाही.

अक्षता : आलाय बाबा! पांढरी दोनला किती सुंदर गाता तुम्ही.

दशरथ : पांढरी दोनला कुणीही गातं. तबल्याचा जयसिंग दर वेळी विचारायचा, काका, नक्की पांढरी चारच ना? मी म्हणायचो, कानात तेल घाल. पोरगा बिचारा माझ्या तोंडाकडे बघायचा आणि खालच्या सुराचा दुसरा तबला काढायचा. सगळ्या मंडळाला माहीत असणार. मीच तेवढा शहाणा.

अक्षता : कुणालाच माहीत नाही. जयसिंगला मी शपथ घातली होती.

दशरथ : वा! म्हणजे कट होता. आता काय करायचं? शनिवारी प्रयोग आहे. पडदा उघडायचा आणि सांगायचं, मंडळी, नायकाचा गळा मुलीनं बटणावर बसवलाय?

अक्षता : सॉरी बाबा. आई, तू तरी बोल ना काहीतरी. आई?

कांताबाई : मी हिशेब लावतेय.

अक्षता : कसला?

कांताबाई : ते तीन घरं खाली गेलं, ते यांच्यासाठी. बरोबर?

अक्षता : हो.

कांताबाई : पण पद दोघांचं आहे.

अक्षता : हो...

कांताबाई : मग मीही तीन घरं खालीच गात होते.

अक्षता : आई...

कांताबाई : मला खालचा सा लागत नव्हता, कारण तो माझ्या गळ्यात कधी नव्हताच. कुठल्याच बाईच्या नसेल. आणि मला वाटलं, माझा आवाज गेला. ज्येष्ठमध चघळून जिभेची साल निघाली माझ्या. दही सोडलं, लोणचं सोडलं. विहारात रविवारी मी पुढं बसून वंदना सांगायचे, ते सोडलं. सगळ्यांसमोर सूर फुटेल म्हणून मागं बसायला लागले. मंदा विचारायची, कांताबाई, बरं नाही का? मी म्हणायचे, बरं आहे. काय सांगू, की आवाज संपला माझा? बाथरूममध्ये नळ सोडून रडलेय मी, अक्षू. परवा तनुजाला बोलावून माझी पदं तिला लिहून दिली.

अक्षता : तू एकदा तरी बोलायचंस ना.

कांताबाई : कुणाला? हे रोज म्हणायचे, वय झालं कांता, मान्य कर. आणि स्वतः तरण्या पोरासारखे गायचे शेजारी उभे राहून. त्यांचा परत आला आणि माझा गेला. मी काय बोलणार?

दशरथ : मी म्हणालो खरं तसं. आत्तासुद्धा म्हणालो.

कांताबाई : आज दचकले ते उगीच नाही.

अक्षता : आई, मला खरंच सुचलं नाही गं. बाबांचंच टेन्शन होतं डोक्यात. तुला खालचे सूर लागत नाहीत हे ऐकू यायचं मला, पण मला वाटलं, तू अ‍ॅडजस्ट करशील.

कांताबाई : ते सगळ्यांनाच वाटतं.

दशरथ : चूक झाली, कांता.

कांताबाई : तुमची नाही. तुम्हाला कुठं माहीत होतं?

दशरथ : माहीत नव्हतं तीच चूक. मला एवढं वाटायला हवं होतं, की ऑपरेशन माझं झालं आणि गळा हिचा कसा गेला? फॉल्ट शोधायला निघालो. यंत्र बघितलं, तार बघितली. आणि शेजारी उभं असलेलं माणूस बघितलं नाही.

अक्षता : मग आता करायचं काय? पांढरी चारला बाबांचा फाटतो, पांढरी दोनला आईचा बुडतो. मध्ये धरली तर दोघंही लटकतील.

दशरथ : मी काम सोडतो.

कांताबाई : सोडा. परत गॅलरीत जाऊन बसा. मग ही पुन्हा काहीतरी बटण शोधेल.

दशरथ : मग तू सांग.

कांताबाई : तुमची कडवी तुम्ही पांढरी दोनला म्हणा. माझी मी माझ्या पट्टीत म्हणते.

दशरथ : एका पदात दोन पट्ट्या? श्रीनिवास झीट येऊन पडेल.

कांताबाई : पडू दे. पाणी मारू. नाटकात तरी काय आहे? नवरा-बायको इतकी वर्षं भांडून तिसऱ्या अंकात समोरासमोर येतात. लगेच एका सुरात गायला लागतील का?

अक्षता : पण शेवटची ओळ एकत्र आहे ना, आई?

कांताबाई : तिथं काय करायचं ते मलाही कळत नाही.

दशरथ : मी ओठ हलवीन. ती तू म्हण.

कांताबाई : बघू. शनिवारपर्यंत काय काय होतंय.

दशरथ : आणि तनुजा?

कांताबाई : तिला मी सांगते. पोरगी गुणाची आहे. सुटले म्हणेल.

दशरथ : बरं. तुझी पट्टी कुठली, कांता?

कांताबाई : माझी?

दशरथ : हो. अक्षूला पेटीवर धरायला लागेल ना.

कांताबाई : आता काय माहीत! लग्नाआधी माहीत होती. जयंतीला आमच्या गायन पार्टीत मी पुढं उभी राहायचे. मी सूर लावायचे आणि पेटीवाला धावत यायचा मागनं शोधत. मग तुमच्याबरोबर म्हणायला लागले, ते तुमच्याच पट्टीत. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

अक्षता : शोधू या मग? कीबोर्डवर की...

कांताबाई : तो बंद कर आधी. पेटीवर बस. चौथ्या पांढरीपासून एकेक दाबत वर चल. काळीसुद्धा गाळू नकोस. मी सांगते कुठं थांबायचं ते.

अक्षता : ही?

कांताबाई : ही आज लागली होती. पण पुढं चल.

अक्षता : आता ही?

कांताबाई : पुढं.

अक्षता : ही?

कांताबाई : हं... अजून एक.

दशरथ : अगं, ही काळी चार झाली, कांता!

कांताबाई : असू दे की. पुढची दाब, अक्षू.