रिकामी साइडकार

माइक जरा खाली करा... असू दे, राहू द्या. मी वाकून बोलतो.

कौसल्यावहिनी, आणि विहारात जमलेल्या सगळ्या बंधू-भगिनींनो, जय भीम. माझं नाव पुकारलं तेव्हा मागच्या दाराने निघून जावं असं मनात आलं होतं. सुखदेवच्या फोटोला घातलेला तो हार मला बघवत नाही. ज्याच्याशी गेल्या आठवड्यापर्यंत कडाकडा भांडत होतो, त्याच्याबद्दल 'ते होते, ते असे होते' असं कसं बोलायचं? मला नाही जमणार. मी 'तो' असंच म्हणणार. आणि खरं सांगू? रडू येतंय म्हणून बोलता येत नाही असं नाही. राग येतोय. सुखदेवचा राग येतोय.

माझ्याआधी जे बोलले ते सगळे म्हणाले, सुखदेवचा हात लागला की गाडी सुरू झालीच म्हणून समजा. भल्या माणसांनो, तुमच्या होत असतील. माझी होत नव्हती! माझी मोटरसायकल त्याने वर्षानुवर्षं उघडली, जोडली, परत उघडली. सगळ्या कॉलनीने बघितलंय. दर रविवारी त्याच्या अंगणात पोतं अंथरलेलं, पोत्यावर माझ्या गाडीचे तुकडे मांडलेले, आणि शेजारी मी उकिडवा बसलेला. कौसल्यावहिनी आतून ओरडायच्या, "जेवण निवलं! त्या गाडीलाच वाढू का ताट?" म्हणून आज मी गोडगोड बोलणार नाही. मला एक गोष्ट सांगायची आहे. ती खरं तर त्याने इथे उभं राहून सांगायची होती. आता ती माझ्यावर येऊन पडली आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझी बायको शांता. ती तिथे बसली आहे, खिडकीजवळ, वहिनींच्या शेजारी. लहानपणच्या तापात तिचे पाय गेले. तिचं माहेर सटाण्याला. एसटीच्या पायऱ्या तिला चढता येत नाहीत, आणि चारचौघांत कुणी उचलून घेतलेलं तिला आवडत नाही. का आवडावं? लग्नानंतर माहेरी जायचं म्हणजे कुणाची तरी जीप, कुणाची तरी मिनतवारी. एकदा ती मला म्हणाली, "मला वाटेल तेव्हा आईकडे जाता यावं. दुसरं काही मागत नाही."

मी कचेरीत फायली सरकवणारा माणूस. मी सुखदेवला गाठलं. दिवसा सातपूरच्या कारखान्यात लेथवर, संध्याकाळी अंगणात मिस्त्री. तो म्हणाला, "लय सोपं हाय. साइडकार लावू."

देवळालीला लिलावात निघालेली जुनी लष्करी मोटरसायकल आम्ही घेतली, साडेतीनशे सीसीची. साइडकार त्याने स्वतःच्या हाताने बनवली. पत्रा त्याचा, पाइप त्याचे, जीपची एक जुनी सीट कुठून तरी पैदा केलेली. आणि दार असं केलं की शांता खुर्चीवरून सरकून आपली आपण आत बसेल, कुणाचा हात लागायला नको. ते दार बघून शांता रडली होती. मीही रडलो होतो. हे त्याचे उपकार मी विसरणार नाही. पुढे जे बोलणार आहे ते हे लक्षात ठेवून ऐका.

पहिल्यांदा सटाण्याला निघालो. पिंपळगाव बसवंतपर्यंत गाडी झकास. सोग्रस फाट्याला वळलो, झकास. भावडबारीचा घाट लागला आणि चढाच्या वळणावर गाडी मिसिंग मारायला लागली. फट्... फट्... बंद. किका मारून मारून सुरू केली, तर पुढच्या वळणावर परत बंद. शेवटी कांद्याच्या एका टेम्पोला दोर बांधून घाट चढलो. माहेरवाशीण पोचली ती टेम्पोचा धूर खात.

परत आल्यावर सुखदेव म्हणाला, "पेट्रोलात कचरा हाय." टाकी धुतली. पुढच्या खेपेला बंद. म्हणाला, "जेट बारीक पडतोय." जेट म्हणजे कार्बोरेटरमधला तो पितळेचा तुकडा, त्याच्या भोकातून पेट्रोल इंजिनाकडे जातं. मोठा जेट घातला. गाडी काळा धूर ओकायला लागली आणि प्लग काढला तर काजळीने माखलेला. "पेट्रोल जास्ती झालं." बारीक जेट घातला. प्लग पांढराफटक. "आता कमी झालं." मग कार्बोरेटरची सुई वर घे, सुई खाली घे. टाकीच्या झाकणाचं भोक साफ कर. चोक अर्धा ओढून चालव. चोकला हात लावू नको. जुने प्लग त्याने कागदात गुंडाळून ठेवले होते आणि येईल त्या पाहुण्याला तो ते उलगडून दाखवायचा.

मी कळवळून सांगायचो, "सुखदेव, एका वेळी एकच गोष्ट बदल रे! म्हणजे कशाने काय झालं ते कळेल तरी." ऐकेल तर तो सुखदेव कसला? जेट बदलायचा, त्याच बैठकीत सुई हलवायची, प्लगही नवा घालायचा आणि वर मलाच विचारायचं, "आता कसं वाटतंय?" मला काय वाटणार? डोकं फोडून घ्यावंसं वाटायचं!

आणि आपल्या कॉलनीतले जाणकार! इथेच बसलेत, आता माना खाली घालू नका. कुणी म्हणे कॉइल गेलीय, कुणी म्हणे साहेबांना अ‍ॅक्सिलेटर पिळता येत नाही. एकाने तर गाडी विकून टाका म्हणून उपाय सांगितला, आणि गिऱ्हाईक म्हणून स्वतःलाच पुढे केलं.

सगळ्यात वैताग कशाचा होता सांगू? नाशकात गाडी शहाण्यासारखी चालायची. इंदिरानगरपर्यंत फेरी मारा, नाशिकरोडला जाऊन या, एक ठोका चुकायचा नाही. सुखदेव हात झटकायचा. "बघ. काय झालंय तिला? काय नाय." आणि शांताला घेऊन घाटात गेलं की बंद. दर खेपेला बंद.

मग त्याने शोध लावला. शांता नसते तेव्हा गाडी चालते. शांता असते तेव्हा बंद पडते. म्हणजे काय? म्हणजे वजन!

आठवतंय का तुम्हाला? आपल्यातल्याच एका लग्नात, भर पंगतीत तो म्हणाला, "वहिनी, एक भाकर कमी खात जा, म्हणजे गाडी घाट चढंल." सगळे हसले. तुमच्यातले कोण कोण हसले ते मला अजून आठवतं. त्याच्या मनात वाईट नव्हतं, तो थट्टेखोरच. शांतासुद्धा हसली. पण त्यानंतर सटाण्याला निघायचं असलं की ती आदल्या संध्याकाळपासून जेवायची नाही. मी म्हणायचो, "दोन घास खा." ती म्हणायची, "भूक नाही." उपाशी पोटी साइडकारमध्ये बसायची, आणि गाडी तरीही बंद पडायची. मग आईसाठी केलेल्या शेवयांची पिशवीसुद्धा ती घरी ठेवायला लागली. पुढे पुढे माहेरचं नावच काढेनाशी झाली.

हे मी सुखदेवला सांगितलं नाही असं नाही. सांगितलं. तो म्हणाला, "अरे, वजनाचंच हाय तर त्यात मी काय करू?" भिंतीवर डोकं आपटावं असं व्हायचं. त्याला पेट्रोलवर संशय होता, प्लगवर होता, माझ्या मनगटावर होता, माझ्या बायकोच्या भाकरीवर होता. आपण स्वतः केलेल्या कामावर मात्र एकदाही आला नाही.

गेल्या महिन्यात सासूबाई आजारी पडल्या. मी शांताला म्हटलं, चल. ती म्हणाली, "मी आले तर गाडी घाटात पडून राहील आणि औषध वेळेवर पोचायचं नाही. तुम्हीच जा." तिची आई अंथरुणावर, आणि ती घरी थांबली! मी सुखदेवला मागच्या सीटवर बसवलं आणि निघालो. साइडकार रिकामी.

भावडबारी. तेच वळण. फट्, फट्, बंद.

मी मागे वळून बघितलं. सुखदेव रिकाम्या साइडकारकडे बघत होता. माझ्याही डोक्यात तेव्हा उजेड पडला. शांता नसताना आम्ही घाटात कधी गेलोच नव्हतो! सटाण्याला जायचं ते तिच्यासाठी, मग तिच्याशिवाय कशाला जाणार? सपाटीवर रिकामी गाडी चालवायची, घाटात तिला घेऊन चालवायची, आणि बंद पडली की घाटाला कुणी काही म्हणायचं नाही.

त्याने माझ्याकडून पाण्याची बाटली मागून घेतली. मला वाटलं, प्यायला. त्याने ती अर्धी ओतून टाकली आणि कार्बोरेटरशेजारी धरली. बाटलीतलं पाणी सपाट, आणि कार्बोरेटर एका अंगाला चांगलाच कललेला. साइडकारचा पाइप आड येतो म्हणून इंजिन आणि कार्बोरेटर यांच्यामधला तुकडा त्यानेच लेथवर नवा केला होता, जरा तिरका. सपाटीवर ते खपून जायचं. चढ आणि वळण एकदम आलं की कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल एका बाजूला जायचं आणि जेट कोरडा पडायचा. एवढंच होतं. इतकी वर्षं, एवढंच!

तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला. मग म्हणाला, "मी वहिनींना काय काय बोललो रे." मी म्हटलं, "हो, बोललास." मी त्याची समजूत घातली नाही. का घालू?

गाडी कशीबशी ढकलत, रखडत सटाण्याला पोचलो. सासूबाईंनी अंथरुणातूनच दाराकडे बघितलं आणि अहिराणीत विचारलं, "मन्ही शांती कोठे शे?" मी सुखदेवकडे बघितलं. सुखदेवच पुढे झाला. म्हणाला, "आई, गाडीच्या कामात माझी चूक झाली. पुढच्या खेपेला घेऊन येतो तिला."

परतताना मी म्हटलं, "आता सरळ घरी चल आणि शांताला सांग." तो म्हणाला, "नाय. चारचौघांत बोललो, चारचौघांतच मागं घेईन. पौर्णिमेला विहारात सगळे असतात, तिथं उभा राहतो. तू आधी सांगायचं नाय. शब्द दे." मी दिला.

त्याने नवा तुकडा केला, सरळ. गेल्या गुरुवारी गाडीला बसवला. शुक्रवारी कामावर निघताना त्याच्या छातीत कळ आली. पौर्णिमा अजून यायची आहे.

अरे, कशाला हवी होती पौर्णिमा? रोज चहाला येत होतास की आमच्याकडे! कप हातात घेऊन एक वाक्य बोलायचं होतं. एक वाक्य! पण नाही, तिथेही हट्ट. वहिनी, माफ करा, माझा आवाज चढतोय. तुमच्या माणसाची चूक मी सगळ्यांसमोर मांडतोय, तेही आज. पण चूक भर सभेत कबूल करायला निघालेला माणूस होता तो. असा दुसरा मला माझ्या ओळखीत दाखवता येणार नाही. मला त्याची फार आठवण येते.

तर, चारचौघं इथे आहेत. त्या पंगतीतले बरेच जण आहेत. त्याचं वाक्य आता मी बोलतो.

शांता, दोष तुझा नव्हता. तू जेवलीस तेव्हा गाडी बंद पडली, उपाशी राहिलीस तेव्हा बंद पडली, आणि तू नव्हतीस तेव्हाही बंद पडली. कार्बोरेटर वाकडा बसला होता, आणि तो सुखदेवने बसवला होता. हे त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय. तुझ्यासमोर उभं राहून त्याला तुझी माफी मागायची होती.

उद्या सकाळी आपण सटाण्याला निघू. नवा तुकडा अजून घाटात नेऊन बघितलेला नाही. गाडी चढेल? मला माहीत नाही, आणि विचारायला माणूस राहिला नाही. बंद पडली तर आणखी काही बिघडलं असेल, ते शोधू. पण ते तू नसशील. आज पोटभर जेव.

आता सुखदेवसाठी सगळ्यांनी उठून स्तब्ध उभं राहूया. शांता बसूनच राहील, तिला कुणी उठवायला जाऊ नका. कौसल्यावहिनी, तुम्हीही तिच्याजवळ बसून राहा.

सुखदेवा, तुझं सांगून झालं रे. जय भीम.