आवणीतली तारीख

(सन १९३८. मावळातल्या कुसगावात मुक्ताबाईच्या घराची ओटी, तिसऱ्या प्रहरचं टळटळीत ऊन. निंबारे संस्थानाचे अधिकारी उपळेकर मांडीवर कागद घेऊन बसलेत. शेजारी वाहिद, कोर्टाची समन्सं पोचवणारा, आता पेन्शनीत निघालेला बेलिफ.)

उपळेकर: म्हणजे हा अंगठा तुमचाच ना, मुक्ताबाई?

मुक्ताबाई: आसंल. मला समदे अंगठे सारकेच दिसत्यात. कागुद कसला हाय त्यो सांगा.

उपळेकर: तुमची तक्रार आहे, चौदा वर्षांपूर्वीची. न्यायाधीश खासनीसांविरुद्ध. वाचतो. ‘मी बेलिफाच्या हाती निरोप धाडला होता. तो साहेबांनी कानाआड केला आणि माझ्या गैरहजेरीत निकाल देऊन माझी खाचरं दिराच्या घशात घातली.’

मुक्ताबाई: व्हय, माजाच. घशात ह्यो शबुद अर्ज लिवनाऱ्याचा. मी निस्तं ‘दिली’ म्हन्ले हुते.

वाहिद: रावसाहेब, ऊन लय झालंय. आक्काला ते समदं पुन्हा कशाला आठवायला लावताय. कागद जुना झाला.

उपळेकर: मलाही हौस नाही, वाहिद. दोन महिने हिंडतोय. धुळं झालं, अलिबाग झालं, कारवारला ताप काढला. खासनीस जिथं जिथं न्यायाधीश होते तिथलं पाणी पिऊन आलो.

मुक्ताबाई: आन ते कशापायी?

उपळेकर: आमच्या संस्थानाच्या हायकोर्टाला मुख्य न्यायाधीश नेमायचाय. महाराजांपुढं खासनीसांचं नाव आहे. माणूस कसा आहे ते बघून या, म्हणून मला धाडलं. सबंध नोकरीत त्यांच्याविरुद्ध हा एवढाच कागद सापडला.

मुक्ताबाई: मंग न्या की त्यो.

उपळेकर: नेला तर त्यांची नेमणूक होत नाही. दिवाणसाहेबांच्या मनात दुसरा माणूस आहे. त्यांना एक डाग हवाय, आणि तो माझ्या मांडीवर आहे. खरा आहे की नाही एवढं बघितल्याशिवाय मला तो पुढं सरकवता येत नाही. वाईट खोड आहे, पण आहे.

मुक्ताबाई: खरा हाय. ह्ये वाहिदभाऊ हितंच बसल्यात, त्यास्नी इचारा. त्येंच्याच हाती तर निरोप दिला हुता.

उपळेकर: तक्रारीतले बेलिफ हेच? वाहिद, स्टेशनापासून इथवर दोन मैल आलो आपण. तुम्ही बोलला नाहीत.

वाहिद: तुमी इचारलं न्हाई.

मुक्ताबाई: त्ये आसंच. त्येंचं बोलनं कमी. पर चौदा वरसं टेसनाकडनं हितं येत्यात, रोज. माजं कुंपण त्यांनीच बांधलं. आदल्या साली मी तापानं पडले तवा जैतुनबीनं, त्येंच्या घरवालीनं, तांदूळ धाडलं. सख्खा दीर वैरी झाला, आन भाऊ ह्यो मिळाला.

उपळेकर: बरं. त्या दिवसाचं सांगा.

मुक्ताबाई: काय सांगायचं. दिरानं खाचरांवर दावा लावल्ता, त्येची आषाढातली तारीख दिली त्या सायबानं. नवीन हुता, वर देशावरनं आल्याला. आमच्याकडं आषाढात आवणी, भाताची लावणी आसती ह्ये त्येला कुनी सांगितलंच न्हवतं. रोप उपटून ठिवल्यालं. उपटलं की लावायचंच, थांबलं की सडतं. मी एकटी बाई, मालक जाऊन दोन वरसं झाल्याली. इर्जिकीला, मदतीला आल्याल्या बाया खाचरात, आन मी कोरटात कशी जाऊ?

उपळेकर: म्हणून निरोप.

मुक्ताबाई: तारखेच्या आदल्या दिशी ह्ये दुसऱ्याचं समन्स घिऊन गावात आल्ते. बांधावर हुबं ऱ्हायलं. मी म्हन्ले, वाहिदभाऊ, सायबाला सांगा, आठ दिस द्या, आवणी झाली की पायी येती. ह्ये म्हन्ले, सांगतो. आन सायबानं दुसऱ्या दिशी निकाल दिला. शेत दिराचं झालं. दिरानं ते मुंबईच्या शेटला इकलं. त्यो तितं लाल कौलाचा बंगला दिसतोय न्हवं, तीच माजी खाचरं. आता बागंला मीच पानी घालती. रोजानं.

उपळेकर: नंतर खटला पुन्हा उघडायचा अर्ज केला होता तुम्ही.

मुक्ताबाई: केल्ता. सायबानं आयकून घेतलं, म्हन्लं बाहीर बस. मी जांभळीखाली बसले. घटकाभरानं कारकुनानं येऊन सांगितलं, नामंजूर.

उपळेकर: हुकूम आहे माझ्याकडं. ‘निरोपाबद्दल पुरावा नाही.’ वाहिद, साहेबांना तुम्ही निरोप काय सांगितलात?

वाहिद: रावसाहेब, गाडीला उशीर हुईल तुमाला.

उपळेकर: गाडी साडेपाचची आहे.

मुक्ताबाई: सांगा की, भाऊ. आता काय भ्यायचं. त्यो साहेब काय हितं न्हाई.

वाहिद: सांगितला न्हाई.

मुक्ताबाई: काय न्हाई?

वाहिद: निरोप. आक्का, म्या तुजा निरोप दिलाच न्हाई.

उपळेकर: सावकाश सांगा.

वाहिद: त्या रात्री कोर्टाला परत जायाचं, ते म्या खंडाळ्याला गेलो. माज्या लेकीची, शहनाजची सोयरीक बघायला. रजा घेतली न्हवती. सकाळची गाडी चुकली. कोर्टात पोचलो चार वाजता, आन आक्काचा पुकारा झाल्ता बाराला. निरोप सांगावा तर साहेब इचारनार, सकाळी कुटं हुतास? नोकरी जानार, आन सोयरीक मोडनार. गप ऱ्हायलो.

उपळेकर: आणि ती अर्ज घेऊन आली तेव्हा?

वाहिद: साहेबांनी मला आत बोलवलं. दार लोटलं. म्हन्ले, वाहिद, ही बाई म्हनती तुज्याकडं निरोप दिला. दिला हुता का? म्या म्हनलं, न्हाई साहेब. ते म्हन्ले, आठवून सांग. म्या पुन्हा म्हनलं, न्हाई. लय वेळ माज्याकडं बघत ऱ्हायले. मंग टाक उचलला.

उपळेकर: तिला आत का नाही बोलावलं?

वाहिद: त्यांचं त्यांना ठावं. त्या दिशी साठ पुकारे झाल्ते. दमल्याले हुते. पर रावसाहेब, आक्का समोर आसती तर माज्या तोंडातनं ‘न्हाई’ निगालं नसतं. आत्ता निगालं का?

उपळेकर: नाही निघालं.

वाहिद: एक लिवा. त्या सालापास्नं खासनीससाहेबांनी आषाढात मावळच्या मानसाला तारीख दिली न्हाई. बदली होईस्तवर. म्होरच्या साहेबाला बी चिठ्ठी लिवून ठिवली.

उपळेकर: लिहितो. आणि बाईला आत बोलवायला हवं होतं, तेही लिहितो. दोन्ही खरं आहे. दिवाणसाहेब एक वाचतील, महाराज दुसरं वाचतील. माझ्या हातात तेवढंच. मात्र वाहिद, हे तुमच्या सहीशिवाय कोणी मानणार नाही. आणि सही केलीत तर कागद इंग्रज सरकारच्या दप्तरातही जाईल. पेन्शन थांबू शकते.

वाहिद: जी.

उपळेकर: मुक्ताबाई, तक्रार तुमची आहे. ती तशीच ठेवायची म्हणालात तर मी आल्या पावली जातो. खासनीसांचं नाव मागं पडेल, यांची पेन्शन चालू राहील.

मुक्ताबाई: त्या सायबाला म्या चौदा वरसं शिव्या दिल्या. रोज बागंला पानी घालताना. ह्ये कुंपणाशी बसून आयकायचे. भाऊ, तुमी आयकायचा न्हवं?

वाहिद: आयकायचो.

मुक्ताबाई: एक डाव बी म्हन्ला न्हाईत, आक्का, नगं देऊ.

वाहिद: धाडस झालं न्हाई.

मुक्ताबाई: रावसाहेब, ज्येनं क्येलं न्हाई त्येच्या नावावर माजा अंगठा नगं. माजं शेत न्हाई येनार, ठावं हाय मला. पर त्यो कागुद फाडा.

उपळेकर: फाडता येत नाही. त्याच्याखाली ‘तक्रार मागे’ असं लिहितो. इथं अंगठा करा. … झालं. वाहिद, तुमचं काय?

वाहिद: द्या तो टाक. कुटं करू सही?

उपळेकर: इथं. पूर्ण नाव, आणि खाली ‘बेलिफ, निवृत्त’.

वाहिद: केली. वाचता येतंय का?

उपळेकर: येतंय. निघतो मी. रस्ता दिसला आता, एकटा जाईन. मुक्ताबाई, त्रास दिला.

मुक्ताबाई: तुमी न्हाई दिला.

वाहिद: आक्का… मागलं कुंपण पडाय झालंय. सकाळी येऊन बांधून देतो.

मुक्ताबाई: नगं. मी बगीन.

वाहिद: मंग सांजच्याला बसाय येऊ? रोजच्यावानी?

मुक्ताबाई: उनं उतरली. घरी जावा आता, बेलिफ.