काळ्या जवारीची भाकर

माहं नाव गंगू, माहेर केनवडचं, लगीन होऊन इंझोरीत आली. बाप म्हने, पोरीचं तोंड लय चालते, सासरी निभनार नाई. निभलं बापू, त्याच तोंडानं निभलं. माहा मालक गरीब स्वभावाचा, कोनाले उलटून बोलनार नाई, मंग घरात एकानं तं बोलावं लागते.

काय सांगू तुले, एका साली गारा पडल्या अन् उभा गहू भुईसपाट झाला. पीक बुडालं म्हंजे सरकार जमिनीचा सारा माफ करे, बियान्याले तगाईचं कर्ज दे, पन आधी तहसीलदार साहेब गावात येऊन सोळा आन्यातलं किती आने पीक आलं ते लिहून ने. साहेब येनार म्हनल्याबरोबर पाटलानं दवंडी देल्ली, अंगनं सारवा, तोरनं बांधा, पाहुना उपाशी गेला तं गावाचं नाक कापलं जाईन. घरोघरच्या मडक्यातून मूठ मूठ डाळ, गूळ, गहू गोळा केला. मीबी देल्ला, पुरन तं माह्याच हातानं वाटलं. साहेब पोटभर जेवला, तोरनं पाह्यली, म्हने गाव तं मजेत दिसून राह्यलं, अन् वावरात पाय न ठेवता बारा आने लिहून गेला. माफी नाई, तगाई नाई. आमच्याच पुरनात आमी बुडालो. सारा भराले आमचा तांबडा बैल बाजारात गेला, माह्या हातचा चारा खाये तो.

पुढच्या साली जवारी कापनीले आली अन् आठ दिवस पानी लागलं. कनसं काळी पडली, दाना कडू. आता दुसरा बैल गेला असता तं वावर कशानं वाहाचं? अन् पाटील पुन्हा दारात, म्हने गहू काढा, साहेब येऊन राह्यला. मी म्हनलं, पाटीलबुवा, यंदा साहेबाचं जेवन माह्या घरी. पाटील खुश. मालक म्हने, अवं, घरात गहू कुठी हाये? मी म्हनलं, तुमी पाट मांडा.

साहेब बसला. मी ताटात काळी भाकर वाढली अन् मिरचीचा ठेचा. त्यानं घास तोंडात घातला अन् तसाच थांबला. पाटील ओरडला, हे काय वाढलं वं, गावाची अब्रू घालवतं काय? मी म्हनलं, मांगच्या साली अब्रू जेवू घातली, यंदा पीक जेवू घालून राह्यली. साहेब, गिळा नाई तं थुका, आमचे लेकरं हेच खाऊन राह्यले. आता हात धुवा अन् वावरात चला.

साहेब उठला. रागानं का लाजंनं, मले नाई समजलं. पन बूट चिखलात फसले तरी पार वावराच्या टोकाले, धुऱ्यापावतर आला, कनीस हातावर चोळलं, काळा भुगा पाह्यला अन् तथीच उभ्यानं चार आने लिहिलं. साऱ्या गावाचा सारा माफ झाला, बियानं आलं. पाटलीननं मले सालभर हळदीकुंकवाले बोलावलं नाई. नको बोलावू! माहा बैल दावनीले उभा होता.

आता मालक नाई, माहे गुडघे धरले. तरी साहेब येनार म्हनलं का बाया पुसाले येते, गंगूमाय, काय रांधू? माहं एकच सांगनं, घरात जे हाये तेच. लोकं म्हनते सरकारनं मेहरबानी केली. मेहरबानी कायची? चांगल्या साली सारा कोन भरते, आमीच ना?

हे जसं हाये तसं लिही बापू, गोड करू नको. अन् जेवून जा. भिऊ नको, यंदा भाकर पांढरी हाये.